रिकाम्या घराची वहिवाट

आपल्याकडे मोहिमेचा हंगाम दसऱ्याला उघडत असे. पावसाळा ओसरून नद्यांना उतार पडला, खरिपाचे दाणे घरात येऊ लागले आणि घोड्यांना चारा मुबलक झाला, म्हणजे शिलेदार आणि बारगीर सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. पावसाळ्याचे चार महिने घरी काढलेला जो गडी त्यानंतरही घरातच रेंगाळे, त्याच्याकडे गाव कोणत्या दृष्टीने पाहत असेल, हे सांगायला बखरीची गरज नाही. पॅलेस्टाइनच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो, सबब तिथल्या राजांचे सीमोल्लंघन वसंतात होई. आणि बायबलच्या जुन्या करारातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय नेमका याच ऋतुमानाच्या उल्लेखाने सुरू होतो. राजे लढाईला निघण्याच्या त्या दिवसांत दावीद राजाने आपला सेनापती यवाब याला सारी फौज देऊन अम्मोनी लोकांच्या राब्बा या राजधानीच्या वेढ्यावर रवाना केले, आणि स्वतः मात्र तो यरुशलेमात राहिला. एवढेच ते विधान. इतिहासकाराने त्यावर भाष्य केलेले नाही, दूषणही दिलेले नाही. परंतु लगेच पुढे हा राजा संध्याकाळच्या सुमारास बिछान्यावरून उठतो, वाड्याच्या गच्चीवर येरझाऱ्या घालू लागतो, आणि तिथून त्याला स्नान करणारी एक स्त्री दिसते.

त्या स्त्रीचे नाव बथशेबा. तिचा पती उरीया हा हित्ती वंशाचा शिलेदार त्या वेळी दावीदाच्याच फौजेतून राब्बाच्या तटाखाली लढत होता. राजाने तिला बोलावून घेतले. ती गर्भवती राहिली. तेव्हा आपल्यावरचा बोल टळावा म्हणून उरीयाला रजेवर घरी आणण्याचा घाट घालण्यात आला, पण सेनापती आणि सोबती उघड्या मैदानावर पडलेले असताना आपण घरच्या सुखाला जाणार नाही, असे सांगून त्या मानी गड्याने राजवाड्याच्या दारातच पथारी पसरली. आणि अखेरीस, याला लढाईच्या ऐन तोंडावर उभे करून बाकीच्यांनी मागे सरावे, असा हुकूम लिहिलेला लखोटा त्याच्याच हाती देऊन राजाने त्याला छावणीत परत धाडले. हाच दावीद पूर्वी शौल राजाच्या भयाने परागंदा होऊन रानोमाळ भटकत असताना, एन-गेदीच्या गुहेत शत्रू तलवारीच्या टप्प्यात आलेला असूनही, त्याच्या झग्याचा केवळ काठ कापून थांबला होता, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खात राहिले होते. उपाशी आणि अनिकेत असताना ज्याचा हात सूडाच्या मोहापासून मागे फिरला, तोच तृप्त आणि निर्धास्त झाल्यावर एका संध्याकाळी गच्चीवरून घसरला, आणि खाली येता येता त्याने एका निरपराध माणसाचा प्राण घेतला.

आळसातून मोह जन्मतो, ही शिकवण आम्हां ख्रिस्ती मुलांना शब्बाथ शाळेच्या बाकावरच मिळते, आणि तिच्या पुष्ट्यर्थ ही कथा, वयाला शोभेल इतपत काटछाट करून, आम्ही सर्वांनीच ऐकलेली असते. शिकवण खरी आहे, याविषयी मला यत्किंचितही संदेह नाही. माझी तक्रार तिच्या पत्त्याविषयी आहे: कैक शतकांपासून ही शिकवण भलत्याच घरी पोचवली जात आहे, आणि ज्या गच्चीवर ती जायला हवी तिथे तिचा जासूद सहसा चढतच नाही.

प्रथम मोह या शब्दाविषयी थोडे. आम्ही मराठी प्रोटेस्टंट मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणताना हा शब्द उच्चारीतच नाही. आमच्या पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरात त्या जागी परीक्षा हा शब्द आला आहे. (मार्च महिन्यात आम्ही मुले प्रार्थनेतला तेवढाच भाग विशेष कळकळीने म्हणत असू, आणि पाळकसाहेबांना त्या भक्तीचे मर्म ठाऊक असावे.) मूळ ग्रीक शब्दाला मोह आणि परीक्षा हे दोन्ही अर्थ आहेत, आणि भाषांतरकारांनी केलेली निवड मला वाढत्या वयाबरोबर अधिकाधिक मार्मिक वाटू लागली आहे. परीक्षा विद्यार्थ्याच्या डोक्यात नवे काही घालीत नाही. जे आहे आणि जे नाही ते उघड करते. रिकामा वेळही तद्वतच. तो मनात पाप पेरीत नाही. दिवसभराच्या धबडग्यात तळाशी बसलेला गाळ पाणी स्तब्ध होताच दिसू लागावा, तसे मनुष्याच्या ठायी मुळातच जे असते ते रिकाम्या दुपारी दृग्गोचर होते.

आपल्या भाषेला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपण सहज वापरतो; परंतु तिच्यातला विनोद नीट पाहिला तर असे दिसते की तो न्हावी लौकिक अर्थाने आळशी मुळीच नाही. दूषित रक्त ओढून काढण्यासाठी रोग्याच्या अंगाला तुंबडी लावणे हे पूर्वी त्याच्या धंद्याचेच एक अंग होते. गिऱ्हाईक नाही म्हणून तो झोपलेला नाही, त्याची हत्यारे बाहेर आहेत, हात चालू आहेत, बहुधा कपाळावर घामही आहे. फक्त जिच्यात रक्त नाही अशा भिंतीशी त्याची ही सगळी खटपट चाललेली आहे. रिकामपणाचे लक्षण निश्चलता नव्हे, अर्थशून्य चलनवलन हे होय, हा सिद्धांत त्या म्हणीने सात शब्दांच्या आत सांगून टाकला आहे, आणि ख्रिस्ती धर्मचिंतकांना तो गवसायला चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात जावे लागले.

त्या वाळवंटात केल्लिया नावाची तपस्व्यांची एक विरळ वस्ती होती. केल्लिया म्हणजे खोल्या. एकमेकांपासून हाकेच्या पल्ल्याबाहेर बांधलेल्या एकांतखोल्यांत एकेक संन्यासी राहत असे. इसवी सन ३८३च्या सुमारास इव्हाग्रियस नावाचा एक बुद्धिमान गृहस्थ या प्रदेशात आला. आशिया मायनरमधल्या पाँटसचा तो रहिवासी. कॉन्स्टँटिनोपलमध्ये वक्ता म्हणून नावारूपास आलेला. तिथे एका प्रतिष्ठित घरच्या विवाहितेच्या प्रेमात गुंतून, त्यातून निसटण्यासाठी आधी यरुशलेमला आणि तिथून इजिप्तला पळालेला. मोहाविषयी जो लिहितो त्याला मोहाची झळ लागलेली असावी, ही अपेक्षा तो पुरेपूर पूर्ण करतो. हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरीत त्याने उरलेले आयुष्य तिथेच काढले, ३९९ साली तो वारला, आणि मागे त्याने मनुष्यमनावर चालून येणाऱ्या आठ दुर्विचारांची जी मांडणी ठेवली, तिच्यातूनच पुढे दोन शतकांनी पोप ग्रेगरीच्या हातून ख्रिस्ती जगाला परिचित असलेली सात महापापे आकाराला आली.

या आठांपैकी एकाचे नाव अकेडिया. ग्रीक भाषेतला अभावदर्शक अ आणि काळजी या अर्थाचा शब्द मिळून हे नाम झाले आहे. आपला अनास्था हा शब्द त्याला घडणीनेही आणि अर्थानेही जितका जवळचा आहे, तितका आळस हा नाही. इव्हाग्रियस या दुर्विचाराला दुपारचा सैतान म्हणतो. एक्याण्णवाव्या स्तोत्रात मध्यान्हीच्या ज्या विनाशाचा निर्देश आहे, त्याचे जुन्या ग्रीक भाषांतरात दुपारचे पिशाच असे रूपांतर झाले होते. तेच त्याने उचलले. भर बाराच्या ठोक्याला एकट्याने विहिरीवर जाऊ नये, असे ज्यांना घरच्या वृद्धांनी बजावलेले आहे, त्या मराठी वाचकांना या पिशाचाची वेगळी ओळख करून द्यायला नको. आमच्या गावचे पिशाच माणसाला झपाटून घुमवते. इव्हाग्रियसचे त्याला खिडकीशी नेऊन उभे करते, इतकाच फरक.

कारण त्याने केलेले वर्णन असे आहे. दिवसाच्या चौथ्या तासापासून, म्हणजे आपल्या घड्याळाने सकाळी दहाच्या सुमारास, संन्याशाला वाटू लागते की सूर्य हलतच नाही, आजचा दिवस पन्नास तासांचा झाला आहे. तो पुन्हापुन्हा खिडकीशी जातो. बाहेर येऊन, तीन वाजताच्या एकवेळच्या जेवणाला अजून किती अवकाश आहे, हे सूर्याकडे पाहून ताडतो. एखादा बंधू या बाजूला येत आहे काय, म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग त्याला आपल्या खोलीची शिसारी येते, हातातल्या कामाची येते, अखेर आयुष्याचीच येते. बंधुजनांत पूर्वीचे प्रेम उरले नाही असे वाटते. कोणी पूर्वी कधी दुखावले असेल तर ते नेमके याच वेळी आठवते. दुसरीकडे कुठे गेलो तर उदरनिर्वाह सुलभ होईल, देव काय सर्वत्रच आहे, असा अत्यंत शास्त्रशुद्ध युक्तिवाद सुचतो. मागे सोडलेले घरदार डोळ्यांपुढे उभे राहते आणि पुढचे आयुष्य असह्य लांब दिसू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे टिपण आहे. खिडकीच्या जागी हातातला मोबाइल ठेवला तर त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही: कोणी येत आहे काय म्हणून पुन्हापुन्हा पाहणे, परक्याचे सुखी आयुष्य न्याहाळून आपल्या खोलीची शिसारी येणे, जुन्या अपमानांची उजळणी करणे, हे सर्व आपण आता अंगठ्याने करतो. आणि या खिडकीबाहेर दुकाने मांडून बसलेले लोकही आहेत. ऑनलाइन रमीच्या आणि पैजेच्या ज्या खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी घातली, त्यांचे गिऱ्हाईक हे दुपारी अकरा आणि दोन यांच्या दरम्यान, काम नसल्यामुळे किंवा कामात जीव नसल्यामुळे, हातातल्या काचेकडे पाहत बसलेले मनुष्यच होते.

इव्हाग्रियसच्या नोंदीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्व सैतानांत हा सर्वांत जड, असे म्हणून झाल्यावर तो सांगतो की याच्या पाठोपाठ लगेच दुसरा कुणी येत नाही. जो खोली न सोडता टिकून राहिला, त्याला झुंज संपल्यावर एक अवर्णनीय शांती आणि आनंद लाभतो. म्हणजे त्याच्या मते दुपार ही टाळायची गोष्ट नाही. तिच्यातून जायचे असते.

त्याचाच विचार लॅटिन जगात नेणारा जॉन कॅसियन याने, पाचव्या शतकाच्या प्रारंभी आजच्या फ्रान्समधल्या मार्से येथे बसून, या वर्णनात एक मिस्कील भर घातली. अनास्थेने ग्रासलेला संन्यासी, तो लिहितो, स्वस्थ बसेलच असे नाही. त्याला अकस्मात परोपकाराचा उमाळा येतो. अमुक आजारी बंधूच्या समाचाराला गेले पाहिजे, तमुक निराधार धर्मशील बाईची विचारपूस करणारे कुणी नाही, आप्तेष्टांना भेटणे हेही कर्तव्यच आहे, असे म्हणत तो बाहेर पडतो, आणि ज्या एका कामासाठी वाळवंटात आला तेवढे सोडून सर्व कामे निष्ठेने पार पाडतो. ज्यांनी आमच्याकडच्या मंडळ्यांचे, संस्थांचे आणि स्मारक समित्यांचे कारभार जवळून पाहिले आहेत, त्यांना हा संन्यासी सहज ओळखू येईल. पाच समित्यांवरचा चिटणीस हा पुष्कळदा भिंतीला तुंबड्याच लावीत असतो.

कॅसियननेच नोंदलेली पौल नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची गोष्ट मात्र मला अजून पुरती पचलेली नाही. हा पौल बाजारगावापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. खजुराच्या पानांच्या वस्तू विणण्याचा त्याचा नेम होता. परंतु माल बाजारात न्यायचा तर हमाली किमतीहून अधिक पडायची. म्हणून तो वर्षभर विणीत राही, आणि गुहा भरली म्हणजे वर्षाच्या शेवटी सगळी चळत पेटवून देई. पुन्हा दुसऱ्या दिवसापासून विणायला बसे. कॅसियनला त्यात आदर्श दिसतो: पोटाला नको असले तरी अंतःकरणाच्या शुद्धीसाठी हाताला काम हवे. मी कांद्याच्या आणि उसाच्या मुलखात वाढलेला मनुष्य आहे. भाव पडला म्हणून हताश होऊन उभे पीक नांगरणारा शेतकरी मी पाहिला आहे, आणि श्रमाच्या त्या राखेत मला अद्याप कुठले अध्यात्म दिसलेले नाही. तथापि पौलाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. ख्रिस्ती परंपरेतले श्रमाचे महत्त्व उत्पन्नाशी बांधलेले नव्हते. ज्याला पुढच्या काळात उद्योगशीलता म्हणू लागले, आणि जिचा संबंध मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ साली प्युरिटन पंथीयांच्या धर्मनिष्ठेशी आणि भांडवलशाहीच्या मनोवृत्तीशी जोडून दाखवला, ती ही नव्हे.

विश्रांतीशीही या परंपरेचे मूळचे वैर नाही. सहाव्या शतकात इटलीतल्या माँटे कॅसिनो येथे संत बेनेडिक्टने जी मठाची नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाच्या आरंभीच आळस हा आत्म्याचा शत्रू ठरवलेला आहे, आणि वाचनाच्या वेळी कोणी टंगळमंगळ करीत आहे काय हे पाहत फिरण्यासाठी एक-दोन वडीलधाऱ्यांची नेमणूक करण्याचा जाबताही तिथेच आहे. परंतु त्याच प्रकरणात उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर सर्वांनी बिछान्यावर मुकाट्याने पडून राहावे, अशी आज्ञा आहे. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकराला वामकुक्षीसाठी इतका प्राचीन ख्रिस्ती आधार उपलब्ध असल्याची वार्ता बहुधा नसावी. गोव्याच्या सुशेगाद या शब्दाची आपण थट्टा करतो, पण पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ निवांत, शांत झालेला असा आहे, आणि निवांत होणे ही अनास्थेच्या अगदी उलट टोकाची अवस्था होय. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तर अनास्थेचे पाप शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या आज्ञेविरुद्ध मानले. ज्याला देवाच्या ठायी विसावता येत नाही तो आळशी. मग तो दिवसाचे चौदा तास राबत का असेना.

तेव्हा प्रश्न हातांचा नसून घराचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक लहानसा दृष्टांत आहे. माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा निर्जल प्रदेशात भटकतो, त्याला थारा मिळत नाही, म्हणून तो आपल्या जुन्या घराकडे परत येतो. ते त्याला झाडलेले, सजवलेले आणि रिकामे आढळते. तेव्हा तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात सोबती घेऊन येतो आणि सर्वजण तिथे बिऱ्हाड करतात. महसूल खात्याच्या दप्तराची ज्याला थोडीफार माहिती आहे, तो या दृष्टांताचे मर्म तत्काळ जाणेल. रिकाम्या जागेवर कब्जा होतो. घर स्वच्छ असणे, चुना दिलेला असणे, हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे. वहिवाट कुणाची, एवढेच शेवटी विचारले जाते. आपल्याकडे गावोगावच्या बायका एकजुटीने मतदान करून बाटली आडवी करतात, दारूचे दुकान बंद होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु संध्याकाळी सात वाजता जो मनुष्य त्या दुकानाकडे चालत जाई, त्याची ती वाट बंद झाल्यावर त्याने जायचे कुठे, याचा विचार मतदानाच्या दिवशी सहसा कोणी केलेला नसतो. देऊळ, चर्च, तालीम, भजनी मंडळ, वाचनालय, किंवा निदान घरातले एखादे लेकरू ज्याला गणित शिकवायचे आहे, यांपैकी कुणाचे तरी बिऱ्हाड त्या सात वाजताच्या घरात आले नाही, तर काही महिन्यांत शेजारच्या गावची बाटली तिथे येते, आणि सोबत मटक्याची चिठ्ठीही आणते.

आता पत्त्याची गोष्ट. १९७२च्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, मी लहानपणी आळसावरचे एक प्रवचन ऐकले. नीतिसूत्रांतली मुंगी, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातली प्रेषित पौलाची ताकीद, दावीदाची गच्ची, सर्व यथास्थित आले. समोर सतरंजीवर बसलेल्या बायका आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या होत्या. कित्येकींच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांनी माना खाली घालून ते सारे ऐकून घेतले, उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना सलाम केला आणि त्या पाण्याच्या टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. प्रवचनकार सज्जन होते, आणि त्यांनी सांगितलेल्यात चुकीचे एक अक्षरही नव्हते. पण ती ताकीद देणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा कारागीर होता, आणि त्याने दोष दिला तो काम करायला राजी नसणाऱ्यांना, ज्यांना काम मिळत नाही त्यांना नव्हे, हा भेद त्या दिवशी निसटला. तो बहुधा निसटतोच. काम न करणाऱ्याने खाऊही नये, हेच वचन पुढे देव न मानणाऱ्या सोव्हिएत राज्यकर्त्यांनी आपल्या १९३६च्या राज्यघटनेत तत्त्व म्हणून घातले. मठाच्या घंटेचा गिरणीचा भोंगा झाला, तरी ज्याला ऐकवायचे तो सदैव खालच्या सतरंजीवरचाच राहिला.

खुद्द येशूने रिकाम्या उभ्या असलेल्या माणसांशी संवाद कसा केला, ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. सकाळी सहा-सात वाजता आपल्या कोणत्याही शहरातल्या मजूर अड्ड्यावर जावे. हातात थापी, ओळंबा, घमेले, डब्याची पिशवी घेऊन माणसे उभी असतात, मुकादमाची गाडी थांबली की तिच्याभोवती गर्दी होते, धडधाकट गडी आधी उचलले जातात, आणि दहा वाजेपर्यंत जे उरतात ते घरी जायला लाजून तिथेच बसून राहतात. दृष्टांतातला चौक हाच. द्राक्षमळ्याचा मालक दिवसाच्या अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचला, तिथे पुन्हा येतो, आणि सारा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात, असे उरलेल्यांना विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. यावर मालक त्यांना रिकाम्या मनाविषयी दोन शब्दही ऐकवीत नाही. तो त्यांना मळ्यात धाडतो, आणि तासाभराच्या कामाचा पूर्ण दिवसाचा रोज त्यांच्या हातावर ठेवतो.

हे उत्तर महाराष्ट्राला अपरिचित नाही. मागेल त्याला काम, या वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ साली देशाने त्या धर्तीवरचा कायदा केला. तिच्यातल्या हजेरीपटांवरच्या बनावट अंगठ्यांचा इतिहास मला ठाऊक आहे, तरीही चौकात पाच वाजता परत येण्याची बुद्धी एका सरकारला झाली, हे मी विसरू शकत नाही. त्याही आधी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम आणि छापखाना दिला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे त्या मुलींच्या बोटांनी जुळवले. १९२२ साली बाई वारल्या तेव्हा तो ग्रंथ अजून प्रसिद्ध व्हायचा होता. त्या मुलींना आळसाविरुद्ध किती प्रवचने मिळाली, याची मोजदाद मी केलेली नाही. खिळ्यांची पेटी मात्र निश्चित मिळाली.

यहेज्केल संदेष्ट्याच्या सोळाव्या अध्यायात सदोम नगरीचा अपराध नोंदला आहे, आणि ज्यांनी सदोमाचे नाव केवळ एकाच प्रकारच्या पापाशी जोडून ठेवले आहे, त्यांना तो चकित करील: गर्व, अन्नाची विपुलता, निश्चिंत स्वस्थपणा, आणि असे सारे असूनही दीनदुबळ्यांना हात न देणे. दावीदाच्या गच्चीवर याच चार गोष्टी होत्या. त्याचा पुरोहितवर्ग त्याला ते सांगायला गेला, असे कुठे आढळत नाही. गेला तो नाथान संदेष्टा, आणि त्यानेही सरळ न बोलता एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून राजाचा निवाडा काढून घेतला. आळसावरचे जे प्रवचन योग्य पत्त्यावर पोचले, ते एवढे एकच माझ्या वाचनात आहे.

शमुवेलाच्या त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस राब्बाची ती मोहीम पुन्हा वर येते. पापातून जन्मलेले मूल दगावले आहे, बथशेबाच्या पोटी शलमोनाचा जन्म झाला आहे, आणि राब्बाचा वेढा यवाबाने बहुतेक पूर्ण करून शहराचा पाणीपुरवठा ताब्यात घेतला आहे. तो राजाकडे जासूद धाडतो, की आता तरी उरलेली फौज घेऊन या, नाहीतर या विजयावर माझे नाव लागेल. तेव्हा दावीद निघतो. शहर पडते, अम्मोनी राजाचा सोन्याचा जड मुकुट उतरवला जातो, आणि ज्या तटाखाली उरीया पडला होता त्याच्याच आत तो दावीदाच्या मस्तकावर चढवला जातो.